जुना कोड मोडायचा कसा

तुमची प्रोग्रामिंग भाषा लोकप्रिय झालीय, लोकांनी तिच्यात ढिगाने कोड लिहून ठेवलाय आणि सगळं सुरळीत चाललंय? मग वेळीच सावध व्हा. नवी आवृत्ती काढा, आणि अशी काढा की जुना कोड तिच्यात चालता कामा नये.

कित्ता गिरवायचा तर पायथन या भाषेच्या ३.० आवृत्तीचा. ३ डिसेंबर २००८ ला ते आलं आणि 'प्रिंट'ला, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेला, कंस सक्तीचे झाले. कंस नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. ही झाली प्रामाणिक मोडतोड. एवढ्यावर थांबलात तर नवखे ठराल. खरी गंमत भागाकारात आहे. ३ भागिले २ कालपर्यंत १ होते, आज १.५. एरर नाही, काही नाही. पानाला दहा या हिशेबाने पंचवीस नोंदींची भरलेली पानं दोन निघायची, ती आता मुकाट अडीच निघतात. शोधत बसू दे लोकांना. (नवं उत्तरच गणिताला धरून आहे, हे मात्र प्रत्येक भांडणात ऐकवा. ते खरं असल्यामुळे जास्त झोंबतं.)

मग अवतरणचिन्हाआधीचं 'यू' हे अक्षर घ्या. पायथन २ मध्ये देवनागरी मजकूर लिहिणाऱ्यांनी ते इमानेइतबारे लावलं होतं. ३.० मध्ये ते चूक ठरवा. एकच कोड दोन्हीकडे चालवू पाहणाऱ्यांची चांगली जिरते. २०१२ मध्ये ३.३ काढताना तेच अक्षर सन्मानाने परत घ्या. आता ते काहीच काम करत नाही, पण चालतं.

इशारा द्यायलाच हवा, नाहीतर लोक नावं ठेवतात. फक्त तो दिसू देऊ नका. डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे 'ही सोय लवकरच बंद होणार' हा इशारा, २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून मुळातच दडवलेली असायची. त्यामुळे 'आम्ही सांगितलं होतं' आणि 'आम्हाला कळलंच नाही' ही दोन्ही वाक्यं खरी ठरली. अशी सोय फार थोड्या भांडणांत असते.

जुन्या पायथन २ ची देखभाल थांबवायची मुदत २०१५ ची ठेवा, २०१४ मध्ये ती २०२० वर ढकला. १ जानेवारी २०२० ला 'संपलं' म्हणा आणि एप्रिलमध्ये त्याचीच आणखी एक आवृत्ती, २.७.१८, काढा.

हे जमत नसेल तर वेबसाइटना चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेसारखं भिडस्त व्हा. 'टाइपऑफ नल' (म्हणजे 'काहीच नाही' या मूल्याचा प्रकार कोणता) विचारलं तर तिथे अजूनही 'ऑब्जेक्ट' उत्तर मिळतं. चूक सर्वमान्य आहे, पण दुरुस्त केली तर जुन्या साइट मोडतील! २०१८ मध्ये 'फ्लॅटन' ही नवी सोय मूटूल्स या जुन्या लायब्ररीशी भांडली, तर नव्या सोयीनेच नाव बदलून 'फ्लॅट' घेतलं. असा मानीपणा सोडलेला तुम्हाला शोभेल का?

एवढं करूनही कुणी कुरकुरलंच, तर पायथन २ चा कोड ३ साठी बदलून देणारं '२टू३' नावाचं आयतं टूल हाती द्या. ते कंस घालून देतं. कुठला भागाकार पूर्णांकाचा हवा होता, ते त्याला कळत नाही. आणि २०२४ च्या ३.१३ मधून ते टूलही काढून टाका.