"उघडल्यावर कळेल" म्हणे!

"ताई, ते उघडल्यावर कळेल." घराच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा नव्याने करायला काढला, तेव्हापासून गेल्या चार महिन्यांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी भिंतीकडे नुसतं बोट दाखवलं तरी माझं डोकं सणकतं. उघडल्यावर कळणार आहे ना? मग आधी उघडा! दोन बाय दोन फुटांचा तुकडा खरवडायला असा कितीसा वेळ लागतो? पावसाचा मारा बसतो त्या बाजूला एक, खिडकीखाली एक, जोत्याजवळ एक. तीन जागी छिन्नी चालवली तर अर्ध्या दिवसात भिंतीच्या पोटात काय आहे ते दिसतं. तीन कंत्राटदार येऊन गेले. तिघांनी अंगणात उभं राहून मान वर केली, मोबाइलवर फोटो काढले आणि संध्याकाळी खर्चाचा आकडा पाठवला. भिंतीवर हातोडीची मूठ आपटून बघायचंसुद्धा एकाला सुचलं नाही. गिलावा सुटला असेल तिथे पोकळ आवाज येतो, हे शिकाऊ गवंड्यालाही माहीत असतं.

घर जुनं आहे. चुन्यात बांधलेल्या जाड विटांच्या भिंती आणि त्यावर नंतर कधीतरी फासलेला सिमेंटचा गिलावा. त्याचे पोपडे सुटलेत, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात, जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत क्षारांचा पांढरा लोणा फुटलाय. बाहेरची बाजू पूर्ण नव्याने करायची ठरवली. पैसे जमवणं हाच अवघड भाग, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मापापासूनच घोळ. एकाने २,००० चौरस फूट धरले, दुसऱ्याने २,२००, तिसऱ्याने २,७००. भिंती त्याच, घर तेच! शेवटी मी स्वतः टेप घेऊन बसले. घर ३० बाय २५ फूट, म्हणजे घेर ११०. उंची २० फूट, म्हणजे २,२०० चौरस फूट. दहा खिडक्या आणि दोन दारं मिळून २०० च्या आसपास वजा. दोन्ही टोकांना छपराखालचे त्रिकोण, २५ फूट पाया आणि ८ फूट उंची, प्रत्येकी १०० चौरस फूट, ते मिळवा. परत २,२००. शाळेतलं गणित आहे हे. पहिल्याने त्रिकोणच धरले नव्हते आणि तिसऱ्याने आतल्या मजल्यांच्या क्षेत्रफळाला कुठल्याशा आकड्याने गुणलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "आम्ही असंच धरतो." माझ्या पैशांचा हिशोब तुम्ही "असंच" धरता?

आणि त्यांनी पाठवलेल्या खर्चाच्या आकड्यात काय नव्हतं ते ऐका. परांची नव्हती. वीस फूट उंच भिंतीला गिलावा करणारा माणूस हवेत उभा राहणार होता का? जुना गिलावा काढणं नव्हतं. राडारोडा उचलून नेणं नव्हतं. खिडक्यांच्या आतल्या कडा नव्हत्या. पाण्याचे पाइप आणि वायरी काढून परत बसवणं नव्हतं. या सगळ्याला "वाढीव काम" म्हणतात, आणि वाढीव कामाचा दर काम सुरू झाल्यावर सांगतात, भिंत अर्धी सोललेली असताना, जेव्हा आपण नाही म्हणूच शकत नाही.

जाडीचंही तेच. दर २० मिलिमीटर गिलाव्याचा दिलेला. जुन्या भिंतीला ओळंबा लावून पाहिला असता तर मधे ती इंचभर आत गेलेली लगेच दिसली असती. तिथे माल दुप्पट लागतो, आणि तोही एका दमात थापला तर आपल्याच वजनाने सुटतो. दोन-तीन थरांत, मधे सुकू देऊन करावा लागतो. म्हणजे मजुरीचे दिवसही वाढले. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, बाकी काही नाही. तेवढं लावायचेही कष्ट नकोत.

सगळ्यात संताप आला तो दुसऱ्या कंत्राटदाराचा. "ताई, भिंतीत हात घालूच नका. वरून पॅनेल ठोकून देतो, सगळं झाकून जाईल." झाकून जाईल! ओल झाकली म्हणून मरते का? उलट तिला वाळायला हवाच मिळत नाही. पॅनेल वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण मागे हवेला पोकळी हवी, खाली पाणी बाहेर पडायला वाट हवी, खिडकीभोवती पाणी अडवायला पत्र्याची घडी हवी आणि खिळे धरतील अशी पक्की वीट हवी. आमच्या विटा नखानेही खरवडल्या जातात. त्यांत पॅनेलचा सांगाडा कशाच्या जोरावर उभा राहणार होता, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

मागच्या पडवीला जुने सिमेंटचे पत्रे उभे ठोकलेत. याच माणसाने "हातोड्याने फोडून टाकू" म्हटलं. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि पत्रा फोडला की त्याचे तंतू हवेत उडून फुफ्फुसात जातात. आधी तपासणी करायची, आणि अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर जाणकार माणसांनी पत्रे ओले करून अख्खे उतरवायचे असतात. त्याच्या स्वतःच्याच हाताखालच्या पोरांनी फोडले असते ते, तोंडाला रुमालही न बांधता.

ज्याला शेवटी काम दिलं, त्याने परत सिमेंटच लावायला घेतलं होतं. चुन्याची भिंत मऊ असते, तिच्यातली ओल बाहेर पडत राहते. वर कडक सिमेंट चढवलं की ती आत अडकते, क्षार साठतात आणि गिलावा ढकलून देतात. आधीचे पोपडे याच कारणाने निघाले होते! मी चुन्याचा गिलावा मागितला तर वेळ लागेल, कारागीर मिळत नाहीत, महाग पडेल. बरं, महाग किती? "उघडल्यावर सांगतो."

आणि छपराची पन्हळ गळतेय, ती आधी बदला, हे मला सांगावं लागलं. भिंतीवर वरून धार लागलेली असताना तिला नवा गिलावा करायला निघाले होते.

आता दोन भिंती सोलून उभ्या आहेत. खिडकीवरच्या लाकडी तुळया दोन जागी कुजलेल्या निघाल्या. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले खर्चाचे पंधरा टक्के त्यातच संपले, आणि ते निदान खऱ्या कामाला लागले. बाकीचं मी लिहून मागितलंय: प्रत्येक वाढीव कामाचा दर, कुठे किती जाडी, परांची किती दिवस, राडारोडा कोण नेणार. त्याने वहीच्या पानावर एकच ठोक रकमेचा आकडा लिहून पाठवला आणि खाली उचल मागितली. ते पान मी तसंच परत पाठवलंय. या चार गोष्टी लिहून येईपर्यंत एक पैसा सुटणार नाही, परांची उभी राहिली तर राहू दे.