पडदा सगळ्यांचा, जाहिरात एकाची

"टीव्ही संपला" ही बातमी मी इतक्यांदा वाचलीय की आता टीव्हीपेक्षा ती लिहिणाऱ्यांचीच काळजी वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की अमेरिकेत यूट्यूब आता मोबाइलपेक्षा टीव्हीवर जास्त वेळ बघितलं जातं. म्हणजे जे टीव्हीला गिळणार होतं, तेच टीव्हीवर जाऊन पाय पसरून बसलंय. त्याच वर्षी मे महिन्यात नील्सन या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत तिथलं स्ट्रीमिंग (इंटरनेटवरून बघणं) पहिल्यांदा ब्रॉडकास्ट (हवेतून येणारं प्रक्षेपण) आणि केबल या दोघांच्या बेरजेच्या पुढे गेलं. टीव्ही बघण्याच्या एकूण वेळेत ४४.८ टक्के विरुद्ध ४४.२. पडदा जागच्या जागी आहे. त्याच्या मागचं सगळं बदललंय.

मीडिया कन्व्हर्जन्सवर, म्हणजे वेगवेगळी माध्यमं एकमेकांत मिसळण्यावर, बोलणारे लोक बराच काळ एका डब्याची वाट बघत होते. १९८३ मध्ये इथिएल डी सोला पूल या अभ्यासकाने लिहून ठेवलं होतं की टपाल, टेलिफोन, छापील मजकूर आणि प्रक्षेपण यांच्यामधल्या भिंती विरघळत चालल्यात. ते तंतोतंत खरं ठरलं. पण त्यातून अनेकांनी काढलेला अर्थ, की उद्या सगळं एकाच यंत्रात येईल, तो साफ फसला. माध्यमांचा अभ्यासक हेन्री जेनकिन्सने २००६ मध्येच या कल्पनेला भ्रम म्हटलं होतं. आज घरात फोन, टॅब, लॅपटॉप, घड्याळ, टीव्ही आणि वर टीव्हीला लावायची स्टिक. यंत्रं वाढतच गेली. एकत्र आलं ते त्यांच्या पाठीमागचं खातं. फोनवर काय शोधलं, टीव्हीवर काय बघितलं, दुकानातून काय मागवलं, हे सगळं एकाच वहीत लिहिलं जाऊ लागलं, आणि ती वही आपल्या हातात नाही.

यातली सगळ्यात मजेदार (खरं तर चीड आणणारी) गोष्ट जाहिरातीची. १ जुलै १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलच्या सामन्याआधी बुलोव्हा घड्याळाची छोटीशी जाहिरात लागली. टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात म्हणून तिची नोंद आहे. त्या वेळी ज्यांच्याकडे संच चालू होता त्या सगळ्यांना तीच दिसली. पुढची कितीतरी दशकं हा नियम बदलला नाही. जाहिरातदार कार्यक्रम विकत घ्यायचा, बघणारा कोण असेल याचा अंदाज बांधायचा. आता तो थेट घर विकत घेतो.

ते कसं चालतं ते बघा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन नावाची सोय असते. पडद्यावर जे चाललंय त्यातले थोडे थोडे नमुने उचलायचे, मोठ्या साठ्याशी ताडून बघायचे आणि नोंद करायची. तुम्ही केबल लावा, डीव्हीडी लावा, त्याला फरक पडत नाही, कारण तो चित्रच ओळखतो. २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीने अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी २२ लाख डॉलरची तडजोड केली. १ कोटी १० लाख टीव्हींवरून बघणाऱ्यांच्या संमतीविना सेकंदासेकंदाची माहिती गोळा केल्याचा आरोप होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये हीच कंपनी कोणी विकत घेतली? वॉलमार्टने. किराणा विकणाऱ्याला टीव्हीचा कारखाना कशाला हवा, असा प्रश्न पडला असेल तर कन्व्हर्जन्सचा धडा इथेच आहे. जाहिरात कोणाला दिसली आणि मग त्याने ती वस्तू घेतली का, ही दोन्ही टोकं आता एकाच मालकाकडे आली.

आमच्या नात्यातले एक काका ऐकू येण्याच्या यंत्राबद्दल गुपचूप फोनवर शोधत होते. घरात कोणाला सांगायचं नव्हतं. दोन-तीन दिवसांत सगळे मिळून काहीतरी बघत असताना टीव्हीवर त्याच यंत्राची जाहिरात लागली, मग परत लागली. काकू म्हणाल्या, "हे सारखं सारखं का दाखवताहेत?" काका काही बोलले नाहीत. (ऐकू आलं नसेल असं समजून सगळ्यांनी सोडून दिलं.) फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून दोघांचा पत्ता एकच. जाहिरात घराला पाठवली, घरात माणसं किती आणि कोणापासून काय लपवायचंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

माझं म्हणणं असं, की जाहिरात खाजगी झाल्याने आपण एक विचित्र गोष्ट गमावली. जुन्या जाहिराती आवडायच्या असं नाही, निम्म्या तर डोकं उठवायच्या. पण सगळ्यांना माहीत असायचं की ती सगळ्यांनी बघितलीय. तिची टिंगल करता यायची, तिची ओळ उचलून भांडता यायचं. तुमच्या माझ्या फोनवरच्या जाहिरातींवर आपण दोघं काय बोलणार? जाहिरातदारांनाही हे कळतं. एवढं अचूक लक्ष्य साधता येत असताना २०२५ च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) ३० सेकंदांच्या जाहिरातीसाठी ८० लाख डॉलरपर्यंत मोजले गेले. त्या रकमेत फक्त डोळे मिळत नाहीत, "इतरांनीही हे बघितलं" ही जाणीव मिळते.

गप्पांचंही तसंच. चौघं एकच मालिका बघतात, चौघांची प्रोफाइल वेगळी, भाग वेगळे. बोलायला तोंड उघडलं की "थांब, माझा सहावा राहिलाय!" तरी "फोनमुळे माणसं तुटली" हे रडगाणं मला पटत नाही. लांब राहणारे मित्र सामना सुरू असताना ग्रुपवर जो धुमाकूळ घालतात ती सोबत खरी आहे. फक्त तिथेही गंमत अशी की स्ट्रीमिंग ब्रॉडकास्टच्या मागे असतं, कधी कधी चांगलं अर्धा मिनिट. चेंडू अजून मैदानाच्या मध्यात आणि ग्रुपवर "गोऽऽल!" येऊन पडलेला. थेट सामन्यात स्पॉइलर!

आणि हो, जाहिरातींपासून सुटका म्हणून ज्यांच्याकडे गेलो, त्यांनीही दुकान मांडलंच. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त योजना आणली. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत आधीच्याच वर्गणीत जाहिराती घातल्या आणि त्या काढायचे जादा पैसे लावले. केबलच्या तक्रारी करून आपण फिरून केबलवरच आलोय, फक्त या केबलला आपलं नाव माहीत आहे.

आज एवढं करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी नाहीतर जाहिरातींच्या विभागात शिरा. प्रत्येक कंपनी त्या पर्यायाला वेगळंच गोंडस नाव देते, "व्ह्यूइंग इन्फर्मेशन" वगैरे, आणि तो बहुधा तीन-चार पायऱ्या खाली असतो. सापडला की बंद करा. जाहिराती थांबणार नाहीत, ॲप्स आपापल्या नोंदी ठेवतच राहतील. पडद्यावरचं चित्र उचलणं तेवढं थांबेल. आणि टीव्हीचं अपडेट आलं की पर्याय पुन्हा चालू झाला नाही ना, ते एकदा बघून घ्या.