नकार नको, नवी नळी मागा

नाकाबंदीत दारू तपासायच्या यंत्राच्या (ब्रेथ अ‍ॅनालायझर) नळीत फुंकायला सरळ नकार द्या, असा सल्ला एका लेखात दिलाय; तो नाशिकच्या वायनरीवरून गंगापूर रोडने परतणाऱ्यांनी मुळीच ऐकू नये. दारूचा संशय असताना नकार दिला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली विनावॉरंट अटक करता येते, आणि कलम २०५ मुळे तोच नकार कोर्टात अंगाशी येतो. मागायचं ते वेगळंच: तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली नवी नळी आणि पडद्यावरचा आकडा. मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ. नुकताच माउथवॉश वापरला असेल तर आकडा उगाच फुगतो. तसं सांगून १५ मिनिटांनी पुन्हा फुंकू द्या म्हणा. अटक झालीच तर घड्याळ बघा. २ तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर कलम २०२ प्रमाणे कोठडीतून सोडावंच लागतं.