तांबडं ओता, पांढरं ठेवा

माझ्या डाव्या कोपरात एक शीर आहे. करंगळीएवढी जाड, फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. शाळेत असताना मामांनी चार वर्षं पहाटे साडेचारला उठवून तालमीत नेलं, जोर-बैठका मारून घेतल्या, कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजलं. पैलवान काही झालो नाही. शीर तेवढी राहिली. पुढं मेडिकल बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा फॉर्मवर तिचा कुठं उल्लेख केला नव्हता.

पहिल्याच सेमिस्टरला मॅडम म्हणाल्या, "रक्तातून डीएनए काढायचाय. कुणाचं घ्यायचं?" अठरा जण एकदम वहीत डोकं घालून बसले. एक मैत्रीण तेवढी धिटाईनं म्हणाली, "मी बसलो असतो की मॅडम, पण माझी शीर घावत न्हाई." (आमच्याकडं मुलीही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मॅडम पुण्याच्या. वर्गात मुली नेमक्या किती, हा त्यांचा हिशेब पहिला महिनाभर लागत नव्हता.)

टेक्निशियनदादांनी एकेकाचा हात चाचपला, माझ्या कोपरापाशी आले आणि म्हशीची कास बघून गवळी खुलावा तसे खुलले. "हितं डोळं झाकून बसंल!" त्या दिवसापासून मी बॅचची दुभती म्हैस झालो. ब्लड ग्रुपिंगला मी, पेशी मोजायला मी, गुणसूत्रं बघायला कल्चर लावायचं तर मीच. दर वेळी संमतीपत्र यायचं, 'मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय' वगैरे. त्यावर सही करताना मागं चार जण माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे असायचे.

रक्त देणं सोपं, पंचाईत पुढं आहे. एका मायक्रोलिटर रक्तात तांबड्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास, पांढऱ्या कशाबशा चार ते अकरा हजार. आणि ह्या उदंड तांबड्या पेशी तयार होतानाच आपलं केंद्रक टाकून देतात, त्यामुळं डीएनएच्या दृष्टीनं त्या रिकाम्या. म्हणून अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून त्या फोडायच्या, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची, वरचं लालभडक सगळं ओतून द्यायचं आणि तळाला चिकटलेली पांढुरकी गोळी जपायची. मुगाएवढीसुद्धा नसते.

तांबडं ओतून पांढरं ठेवायचं, हे कोल्हापूरच्या हाताला जमत नाही. आमच्यात ताटाशेजारी दोन वाट्या येतात. पांढरा रस्सा वाढप्याच्या मर्जीवर, पण तांबडा मागितला नाही तरी येतो, आणि तो टाकणाऱ्याला पुढच्या पंगतीला बोलवत नाहीत. पहिल्या वेळी मी इतक्या जड मनानं, इतकं हळू ओतत बसलो की गोळी तळ सोडून तांबड्याच्या मागोमाग हायपोक्लोराइटच्या बादलीत गेली. मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्या कोपराकडं बघितलं.

दुसऱ्यांदा जमलं. गोळी फोडली, प्रथिनं मिठानं बसवली आणि वरून गार अल्कोहोल सोडलं. मग नळीत जे होतं ते खरंच बघण्यासारखं असतं. काही नसलेल्या पाण्यातून पांढरे धागे उतरायला लागतात, एकमेकांत गुंततात आणि म्हातारीच्या कापसासारखे तरंगत राहतात. मी फोटो काढून घरी दाखवला. आईनं चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "सर्दी झालीया व्हय?"

घरात माझ्या शिक्षणाचा आदर करणारी एकटी आजी. ती मधुमेही, रोज इन्सुलिन घेते. आणि माळकरी. एकदा सुई टोचता टोचता म्हणाली, "हे कशातनं काढत्यात रं?" १९२२ मध्ये इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं, तिथून पुढं साठेक वर्षं ते गुराढोरांच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, हे वाक्य मी आवंढ्याबरोबर गिळलं. म्हटलं, "आता जिवाणूत तयार करत्यात." १९८२ पासून तसं मिळतंच, माणसाचं जनुक जिवाणूत घालायचं आणि त्याला राबवायचं.
"जिवाणू म्हंजे दह्यातलं?"
"तसंच की."
ज्या ई. कोलायला ह्या कामाला पहिल्यांदा जुंपलं तो दह्यात नसतो, आतड्यात असतो. पण एवढ्यासाठी आजीचं सकाळचं इंजेक्शन कोण बंद पाडणार?

मामांना मात्र अभ्यासक्रमातली एकच गोष्ट पटली. दुसऱ्या वर्षी आम्हाला एसीई नावाचं जनुक होतं. रक्तदाबाशी संबंधित. त्यात २८७ अक्षरांचा एक तुकडा कुणाच्यात असतो, कुणाच्यात नसतो. असला तर जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणं वेगळे करणारा मऊ थर) साधारण ४९० अक्षरांपाशी पट्टा दिसतो, नसला तर १९०ला. आईबापांकडून एकेक आलं असेल तर दोन्ही. खेळाडूंवर ह्याचे भरपूर अभ्यास झालेत. तुकडा असला तर दम जास्त, नसला तर ताकद जास्त, असं काहींना आढळलं, काहींना अजिबात आढळलं नाही. मी हे जेवताना बोलायला नको होतं.

"म्हंजे तू पैलवान का झाला न्हाईस, ते ह्यात कळणार?"
"तसं नसतंय मामा, एका जनुकावरनं..."
"खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीतनं पदक आणलं, तवा कुणी रक्त तपासलं हुतं?" थोडा वेळ नुसतंच जेवले. मग म्हणाले, "पर तू बघ. कळू दे एकदा."
चार वर्षांचं दूध आणि बदाम हिशेब मागत होते.

आता हा पट्टा दिसायला पीसीआर करावा लागतो, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या यंत्रात भराभर नकला काढायच्या. त्यातलं मुख्य एन्झाइम टॅक, मूळचं अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका जिवाणूचं. ९५ अंशाला बाकीची एन्झाइमं अंड्यासारखी उकडून निघतात, हे मजेत राहतं. उकळत्या पाण्यातला हा गडी आमच्याकडं उणे २०च्या फ्रीजरात, मॅडमच्या किल्लीखाली. एका नळीला अर्धा मायक्रोलिटर मिळणार, म्हणजे थेंबाचा साधारण शंभरावा भाग. पिपेटच्या टोकाला तो आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. अंबाबाईचं नाव घ्यायचं आणि अंगठा दाबायचा. मग तीस फेऱ्या. दर फेरीला दुप्पट, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर एकाचे शंभर कोटींवर.

पहिल्या खेपेला बाविसाव्या फेरीत लाइट गेली. दुसऱ्या खेपेला प्रायमर, म्हणजे नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, घालायचेच राहिले. (कुणाकडून, ते विचारू नका.) तिसऱ्या खेपेला यंत्र शेवटपर्यंत चाललं. जेल ओतलं, निळ्या रंगात कालवून नमुने खणांत भरले, पाऊण तास करंट दिला आणि अंधाऱ्या खोलीत यूव्हीवर ठेवून सगळे वाकलो.

पट्टे होते! सहा जणांच्या सहा नळ्या, सहांत माझाच डीएनए, सगळीकडं ४९० आणि १९०. अंधुक, पण दोन्ही. मी मामांना फोन लावायला खिशात हात घातला, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सातवा खण बघा."

सातव्या खणात नुसतं पाणी होतं. निगेटिव्ह कंट्रोल. ह्या नळीत डीएनए घालत नाहीत, त्यामुळं तिथं काही उमटता कामा नये, एवढंच तिचं काम. त्या खणात दोन पट्टे होते, ४९० आणि १९०, आमच्या सहांपेक्षा ठळक.

दीड वर्षं माझं रक्त त्या टेबलावर सांडत आलं होतं. पिपेटमध्ये मी, रॅकला मी, पाण्याच्या बाटलीतही मी.

"कंटॅमिनेशन," मॅडम म्हणाल्या. "सगळं रद्द. पिपेट पुसा, टिप बदला, पाणी नवीन घ्या." जाता जाता दारात थांबल्या. "आणि सँपल ताजं घ्या."

अंधारात सगळ्यांच्या माना माझ्या कोपराकडं वळल्या.

रात्री मामांनी दारातच धरलं. "काय निघालं?"
"रद्द झालं."
"आँ?"
"नुसत्या पाण्यात पण निघालं, मामा. दोन्ही पट्टे. दमाचा बी, ताकदीचा बी. आमच्यापेक्षा जोरात."
मामा पायरीवर बसले. "पाणी कुठलं घेतलंतासा?"
"डिस्टिल्ड असतंय ते."
"ते खरं. पर मूळचं?"
मी गप्प बसलो.
"पंचगंगेचंच की," मामा म्हणाले. "तीस वर्षं मी काय सांगतोय? आपल्या पाण्यातच पैलवान हाय. तुझ्या मॅडमना म्हणावं, मशीन झकास हाय, बदलू नगा."