खुलासा : मेक्सिकोतल्या परदेशी कारखान्यांना पर्यावरण कायदा लागू नव्हता का?

‘अमेरिकी सीमेवरच्या माकिलादोरांना, म्हणजे निर्यातीसाठी माल जोडणाऱ्या परदेशी मालकीच्या कारखान्यांना, नाफ्टाने, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुक्त व्यापार कराराने, मेक्सिकोच्या पर्यावरण कायद्यातून सूट दिली,’ असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मेक्सिकोचा १९८८चा पर्यावरण कायदा मालकाचं नागरिकत्व विचारत नाही. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या सीमाभागाच्या पर्यावरणाबद्दलच्या १९८३च्या ला पाझ कराराच्या पुरवणीनुसार तर निर्यातीचा माल बनवण्यासाठी तात्पुरत्या आयात केलेल्या कच्च्या मालातून निघणारा घातक कचरा मूळ देशात परत नेणंच बंधनकारक होतं. नाफ्टा १ जानेवारी १९९४ला लागू झाला. गुंतवणूक ओढण्यासाठी पर्यावरणाचे नियम सैल करणं अयोग्य, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मात्र ते मोडलं तर शिक्षा काय, यावर करार जवळपास मुका. खरी गोम इथेच आहे.

मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआना शहरातला ‘मेतालेस इ देरिवादोस’ हा शिसं गाळणारा अमेरिकी मालकीचा कारखाना बघा. मेक्सिकोच्या यंत्रणेने १९९४मध्ये त्याला टाळं ठोकलं, म्हणजे कायदा लागू होताच. मालक सीमा ओलांडून अमेरिकेत निघून गेला आणि शिशाच्या राखेचे ढीग वस्तीच्या डोक्यावर तसेच राहिले. नागरिकांनी १९९८मध्ये नाफ्टासोबत स्थापन झालेल्या माँट्रियलच्या त्रिराष्ट्रीय पर्यावरण आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २००२मध्ये वस्तुस्थितीचा अहवाल छापला. दंड ठोठावण्याचा किंवा सफाईचा आदेश देण्याचा अधिकार त्या प्रक्रियेत नव्हताच. सफाईचा समझोता झाला २००४मध्ये, तोही स्थानिक रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, पिच्छा पुरवला म्हणून. सफाईचा खर्च उचलला सरकारी तिजोरीने.