आयपी रेंज टाकून मेल सोडायचा सल्ला

‘कर्मचाऱ्याचा मेल घरून जात नाही? पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या मायनेटवर्क्स सेटिंगमध्ये त्याच्या कनेक्शनची आयपी रेंज टाका. लॉगिनची भानगड नको. पासवर्ड तसाही बेस६४ मध्ये झाकलेला असतो. आणि २५ काय, ५८७ काय, पोर्ट सगळे सारखेच.’ गोव्यात हॉटेलं आणि ट्रॅव्हलवाल्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांत हा सल्ला सीझनच्या तोंडावर हमखास फिरतो. तो पाळू नका.

आधी रेंज. मायनेटवर्क्स म्हणजे ‘इथून येणाऱ्याला काही विचारू नका’ अशी यादी. कळंगुटच्या हॉटेलचं बुकिंग बघणारी मुलगी पेडण्यातून काम करते. राउटर बंद-चालू झाला की तिचा आयपी बदलू शकतो, म्हणून एक पत्ता नव्हे, अख्खी रेंज टाकायची. पण त्या रेंजमध्ये ती एकटी थोडीच आहे? शेजारचा व्हायरस लागलेला लॅपटॉपही तिथेच, आणि तुमच्या सर्व्हरवरून जगभर स्पॅम पाठवायची त्यालाही मुभा. मोबाइल डेटावर तर एकाच पब्लिक आयपीमागे असंख्य ग्राहक असतात. एवढं करून ती मडगावला माहेरी गेली की ‘५५४ रिले ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे ‘मेल पुढे पाठवणार नाही’, हा नकार आहेच! माणूस ओळखायचा तर लॉगिन हवं. एसएमटीपी ऑथ, म्हणजे मेल पाठवण्याआधीचं लॉगिन, १९९९ पासून त्यासाठीच आहे. पासवर्ड तपासायचं काम डव्हकॉटकडे, म्हणजे मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे द्या.

बेस६४ मध्ये काहीच झाकलं जात नाही. ती अक्षरं लिहायची दुसरी तऱ्हा, उलगडायला किल्ली लागत नाही. शॅकच्या फुकट वायफायवर कुणी ट्रॅफिक पकडलं, तर एका कमांडमध्ये पासवर्ड त्याच्या पडद्यावर. म्हणून पोस्टफिक्समधल्या ‘एसएमटीपीडी टीएलएस ऑथ ओन्ली’ या सेटिंगला ‘यस’ द्या. मग टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, सुरू होईपर्यंत सर्व्हर लॉगिनचं नावही काढत नाही.

पोर्टचं म्हणाल तर २५ हा सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचा. बरेच इंटरनेटवाले घरून बाहेर जाणारा २५ अडवतातच. माणसांसाठी ५८७ किंवा ४६५. २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाचा कल ४६५ कडे आहे, कारण तिथे टीएलएस पहिल्या क्षणापासून असतं.

लॉगिन सुरू केलं की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट येतात, हे खरं. सतत चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपीला अडवणारं फेल२बॅन लावा, आणि रिसेप्शनचा ‘हॉटेलचं नाव १२३’ छाप पासवर्ड आधी बदला.

जुन्या रेंज काढल्यावर काही अडलं तर लॉगमध्ये दिसेल. बहुधा स्कॅन करून मेल पाठवणारा ऑफिसातला प्रिंटर निघेल. त्याचा तेवढा एक पत्ता यादीत राहू द्या.