इतर : २०,०००

गाडी घेण्याआधी मी एक्सेलमध्ये रीतसर तक्ता केला होता. नऊ वर्षं जुनी, दोन लिटर टर्बो पेट्रोल, किंमत साडेसहा लाख. पेट्रोल, विमा, सोसायटीचं पार्किंग, नाव बदलायला आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, सगळं धरलं. शेवटी मोठ्या मनाने एक ओळ टाकली : 'इतर – २०,०००'.

"इतर म्हणजे?" बायकोने विचारलं.

"वायपर वगैरे."

वायपर अजून जुनेच आहेत.

विकणाऱ्याने विम्यावरचा 'पन्नास टक्के नो क्लेम बोनस' (दावा न केल्याबद्दलची सूट) ऐटीत ऐकवला होता. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. मालकाबरोबर तो गेला. पंधराशे सीसीच्या वरची म्हणून नुसत्या थर्ड पार्टी विम्याचेच ७,८९७ रुपये, वर जीएसटी.

मग कुर्ल्याचा मेकॅनिक. "साहेब, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"चालतोय की अजून."

"तुटेपर्यंत चालतोच तो. तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला ठोकतो. मग इंजिनच उतरवायचं."

बेल्ट काढायचं ठरलं. मग म्हणाला, "आता खोललंच आहे, तर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपपण करून घ्या." 'आता खोललंच आहे' या तीन शब्दांत माझी दिवाळी गेली. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे जास्त लागलं.

गाडी बुटकी. सोसायटीच्या गेटाशी स्पीडब्रेकर आला की आई आणि बायको उतरतात. आई भाजीची पिशवी सांभाळत पलीकडे जाऊन उभी राहते. मी गाडी तिरकी घेतो. वॉचमन ओणवा होऊन चेंबरखाली बघत "येऊ द्या, येऊ द्या" करतो. (त्याची वाढीव पोस्तही 'इतर'मध्येच.) आई म्हणते, "रिक्षाने आलो असतो तर एव्हाना चहा झाला असता."

हौस म्हणून रविवारी पहाटे कोस्टल रोडला गेलो. मर्यादा ८०, बोगद्यात ६०. काचा खाली घेतल्या, दुसरा गिअर टाकला, पाय किंचित दाबला. भिंतींवरून असा काही आवाज घुमला की मी एकटाच मोठ्याने हसलो. चार सेकंद असेल.

मंगळवारी ई-चलान आलं.

"हे कुठे टाकू?" बायकोने तक्ता उघडून विचारलं. 'इतर'च्या चौकोनात हल्ली आकडा मावत नाही, नुसती ##### दिसतात. रकाना जरा रुंद केला की आकडा दिसेल, असं ती म्हणाली. मी तिचा हात माउसवरून हळूच बाजूला केला.